फायबर पोटात, हिशेब लिव्हरमध्ये: आमच्या गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरी कापणीला आल्या होत्या तेव्हा आमच्या गावच्या समाजमंदिरात रक्ततपासणीचं शिबिर झालं. आठवडाभरात रिपोर्ट आले आणि संध्याकाळी आमच्या छपरीत माणसं जमायला लागली. हातात घडी घातलेला कागद, त्यावर ‘एलडीएल’भोवती निळ्या पेनाचा गोल, आणि पहिला प्रश्न ठरलेला : “मॅडम, हे काय होय?” मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि आता वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात सासरच्या गावी राहते. शिबिरातल्या डॉक्टरांनी बऱ्याच जणांना ‘फायबर वाढवा’ एवढंच सांगितलं होतं. पुढचे प्रश्न त्या दोन शब्दांवरून निघाले. विचारणाऱ्यांनी जसे विचारले, तसेच बरेचसे इथे ठेवले आहेत.

कोलेस्टेरॉल एवढं खराब हाये, तं लिव्हर ते बनवतेच काहून?

कारण त्याच्याशिवाय चालत नाही. अंगातल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं. काही हार्मोन त्यापासून बनतात, उन्हात कातडीत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाची सुरुवातही त्याच्याच एका जवळच्या नातलगापासून होते. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पित्तातली आम्लं लिव्हर कोलेस्टेरॉल मोडूनच तयार करतं.

शरीर रोज साधारण ग्रॅमभर कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतं. ताटातून येतं ते मटण-अंडी खाणाऱ्याच्याही बाबतीत दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. म्हणून “मी माळकरी माणूस, अंड्याला हात लावत नाही, मग मला कसं निघालं?” या प्रश्नाचं उत्तर ताटात पूर्ण सापडत नाही. (तेलाच्या पिंपावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं ठळक छापतात, त्याला भुलू नका. कुठल्याही वनस्पतीच्या तेलात ते नावापुरतंच असतं. म्हशीचं दूध शिंगाशिवाय मिळतं, असं सांगण्यासारखंच ते आहे.)

कोलेस्टेरॉल रक्तात मोकळं फिरत नाही, कारण ते पाण्यात मिसळत नाही. ते गाडीत बसून फिरतं. एलडीएल ही त्यातली एक गाडी. तिचं काम झालं की ती रिकामी करून घेण्याची मोठी जबाबदारी परत लिव्हरचीच. गाड्या वेळेवर उतरवून घेतल्या नाहीत तर त्या रक्तात घुटमळतात आणि वर्षानुवर्षं शिरांच्या भिंतीत माल टाकत राहतात. तुमच्या कागदावरचा आकडा सांगतो, की आत्ता रस्त्यावर अशा गाड्यांतून किती माल फिरतो आहे.

फायबर म्हंजे चोथाच ना?

चोथा म्हटलं की डोळ्यांपुढे उसाचं चिपाड येतं. ते फायबर खरंच, पण त्याचा इथे उपयोग नाही. दोन वाट्या घ्या. एकीत गव्हाचा कोंडा भिजवा, दुसरीत चमचाभर जवस. सकाळी कोंडा फुगून तळाशी बसलेला असेल आणि वरचं पाणी पाण्यासारखंच असेल. जवसाचं पाणी मात्र बोटाला तार धरेल. तो चिकटपणा म्हणजे विद्राव्य फायबर, पाण्यात उतरणारं. कोंड्यातलं अविद्राव्य. ते पोट साफ ठेवतं, त्याचा मान त्याला आहेच, पण एलडीएलवर त्याचा असर फारसा नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते. नुसतं ‘विद्राव्य’ असून भागत नाही, ते घट्टसर व्हायला हवं. बाजारात अशाही पावडरी मिळतात ज्या पाण्यात टाकल्या की दिसेनाशा होतात आणि पाणी पातळच राहतं. इन्युलिन किंवा गव्हाचं डेक्स्ट्रिन अशा जातीचं. डब्यावर ‘विद्राव्य फायबर’ लिहिलेलं खोटं नसतं, पण कोलेस्टेरॉल उतरवण्याचं काम त्यांच्याकडून होत नाही. चिकटपणा नाही तर पुढचं काहीच नाही.

मग हे चिकट पाणी लिव्हरपर्यंत जाते कसं?

जातच नाही. छपरीत बसलेल्यांना हे सांगितलं की अर्धे लोक माझ्याकडे संशयानं बघतात. फायबरचा एक कणसुद्धा लिव्हरला शिवत नाही. ते तोंडातून आत जातं आणि आतड्यातून बाहेर. लिव्हरमध्ये जे घडतं ते लांबून घडतं. कसं ते सांगायला मला बारदान्याचा दाखला बरा वाटतो.

तूर बाजार समितीत नेताना पोत्यांत भरून नेता. माल ओतला की रिकामा बारदाना घरी परत आणता, पुढच्या खेपेला तोच वापरता. शंभर पोत्यांतली पाच फाटली-हरवली तर तेवढीच नवी आणायची. लिव्हरचं पित्ताम्लांबाबत अगदी हेच धोरण आहे. जेवण झालं की पित्त आतड्यात उतरतं आणि त्यातली आम्लं तेलातुपाचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करतात. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ही आम्लं शोषली जातात आणि रक्तातून थेट लिव्हरकडे परत येतात. शंभरातली सुमारे पंचाण्णव परत येतात. अंगात एकूण साठा दोन-चार ग्रॅमचाच, पण दिवसातून सहा ते दहा खेपा होतात, म्हणून एवढ्याशा मालावर काम भागतं. रोज शौचावाटे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास जातात. तेवढी नवी बनवायची, आणि ती बनवायला कच्चा माल एकच : कोलेस्टेरॉल.

आता मध्ये जवसाचा किंवा इसबगोलाचा गोळा आला. आतड्यातला पातळ रस लापशीसारखा घट्ट झाला. पित्ताम्लं त्या लापशीत अडकली, आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचलीच नाहीत आणि तशीच खाली निघून गेली. घरी बारदाना कमी आला.

लिव्हरला हे कळतं कसं, हा भाग मला शिकवतानाही सगळ्यात जास्त आवडायचा. आतड्याच्या त्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींत एफएक्सआर नावाचं एक प्रथिन असतं. भरपूर पित्ताम्लं शोषली गेली की ते जागं होतं आणि एफजीएफ-१९ नावाचा निरोप रक्तातून लिव्हरकडे धाडतं : “बारदाना आला, नवा शिवू नका.” पित्ताम्लं कमी शोषली गेली की निरोपही क्षीण होतो. मग लिव्हरमधलं सीवायपी७ए१ हे एन्झाइम मोकळं सुटतं. कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करण्याची पहिली पायरी याच्याच हातात आहे. कच्चा माल भराभर खर्ची पडतो, लिव्हरच्या पेशीतला कोलेस्टेरॉलचा साठा उतरतो.

साठा उतरला की पेशी दारावर जास्त हात बाहेर काढते. हे हात म्हणजे एलडीएल रिसेप्टर. ते रस्त्यावरून जाणाऱ्या एलडीएलच्या गाड्या धरून आत ओढतात. रक्तातला आकडा उतरतो तो इथे. या हातांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. त्यांनी सुरुवात केली होती ती अशा मुलांपासून, ज्यांच्या पेशींना हे हात नव्हतेच.

पण पित्तानं तं माहं गळ्याशी जळजळते. ते वाढवाचं का कमी कराचं?

हा घोळ आपल्या भाषेमुळे होतो. आपण ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल वर येणं असतं. लिव्हरमधून उतरणारं हिरवट-पिवळं पित्त ही निराळी वस्तू. वरच्या सगळ्या हिशेबात जठराच्या जळजळीचा काही संबंध नाही. जवस खाल्ल्यानं तुमचं ‘पित्त’ वाढेल अशी भीती ठेवू नका, आणि कमी होईल अशी आशाही नको.

लिव्हर हुशार हाये म्हणता, मग कमी पडलं तं ते जास्तच बनवन ना?

बरोबर धरलंत. एका बारावीच्या पोरानं विचारलेला हा प्रश्न, आणि सगळ्यांत चांगला.

हो, बनवतं. साठा उतरला की लिव्हर दोन्ही गोष्टी करतं : रक्तातून ओढतं आणि घरीही जास्त तयार करतं. तयार करण्याच्या कारखान्यातलं मुख्य एन्झाइम एचएमजी-कोए रिडक्टेज. त्यामुळेच फायबरचा परिणाम बेताचा राहतो. एका हातानं काढलेल्यातलं थोडं दुसऱ्या हातानं परत येतं.

डॉक्टर देतात त्या स्टॅटिनच्या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून यांचा पहिला नमुना वेगळा केला. म्हणजे गोळी कारखाना मंदावते आणि फायबर गोदाम रिकामं करतं. दोन्ही रस्ते वेगळे, म्हणून एकमेकांना पूरक. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिनसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल दिलं, तर एलडीएल २० मिलिग्रॅमच्या गोळीइतकंच उतरलं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच खाली येतं, हे माहीत असलं की या निकालाचं वजन कळतं.

औषधांत फायबरचा सख्खा भाऊही आहे, कोलेस्टायरामिन. ते आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतं, तत्त्व तेच, पकड मात्र जास्त घट्ट.

पोटातल्या जंतूंमुळं होते असं यूट्यूबवर सांगत होते?

थोडंफार खरं. मोठ्या आतड्यातले जंतू काही फायबर आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान आम्लं निघतात. त्यातलं प्रोपिओनेट लिव्हरमध्ये पोचून कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. माणसांत मात्र निकाल एकसारखे आलेले नाहीत. मला स्वतःला बारदान्याची बाजू जास्त पटते, कारण इसबगोल जंतूंकडून फारसं आंबतच नाही आणि तरी एलडीएल उतरवतं.

याशिवाय चिकट रसामुळे साखर हळू शोषली जाते, इन्सुलिन एकदम उसळत नाही, आणि इन्सुलिनचा जोर कमी असला की कोलेस्टेरॉलचा कारखानाही थोडा शांत राहतो. शिवाय पित्तातून खुद्द कोलेस्टेरॉलही आतड्यात येतं, ताटातल्यापेक्षा जास्त. त्यातलंही थोडं लापशीत अडकून जातं. या बाजू आहेत, पण दुय्यम.

आकडा किती उतरन?

थोडा. कोणी ‘महिनाभरात निम्मं’ म्हणालं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

१९९९ मध्ये ६७ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. रोजच्या प्रत्येक ग्रॅम जादा विद्राव्य फायबरमागे एलडीएल साधारण २.२ मिलिग्रॅमनं खाली आलं. म्हणजे आजच्या खाण्यापेक्षा पाच ग्रॅम जास्त घेतलं तर १६० चं दीडशेच्या आसपास. कागदावरचे बाकीचे दोन आकडे, एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी), जवळपास जागेवरच. अमेरिकेच्या औषध-अन्न प्रशासनानं १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, तेव्हा रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनची (ओट्समधल्या चिकट विद्राव्य फायबरची) अट घातली. पुढच्या वर्षी इसबगोलासाठी ७ ग्रॅम विद्राव्य फायबरची.

दहा-पंधरा मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण एलडीएलचं नुकसान वर्षांच्या हिशेबानं साचतं. पस्तिशीत उतरवलेले दहा आणि पासष्टीत उतरवलेले दहा यांत फार फरक आहे.

आम्ही तं रोज ज्वारीचीच भाकर खातो. फायबर कमी कसं?

फायबर कमी नाही, जात वेगळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नाच्या घटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत फायबर दहा ग्रॅमच्या आसपास आहे, पण विद्राव्य दोनाच्या आत. गव्हाचंही तसंच. भाकर पोटाला चांगली, शुगरलाही पोळीपेक्षा बरी म्हणतात, ती सोडू नका. पण एलडीएलचं काम भाकरीवर काय आहे, यावर ठरतं. त्या भाकरीवर झुणका असेल, वरण असेल, जवसाची चटणी असेल तर ताट बरोबर. नुसता मिरचीचा ठेचा आणि तेल असेल तर नाही.

घरात जे हाये त्यातलं काय खाऊ, ते सांगा.

जवस. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत धान उभं असतानाच जवस आणि लाखोळी (लाखेची डाळ) फेकायची, ही उतेऱ्याची रीत जुनी. वर्धा-यवतमाळकडेही घरापुरतं जवस असायचंच. सोयाबीननं वावरं व्यापली, तेलाच्या घाणी बंद पडल्या आणि जवस चटणीपुरतं उरलं. तेवढंही पुरे. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण-तिखट-मीठ घालून कुटा. अख्खं गिळू नका, दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. दोन मोठे चमचे चटणीतून तीन-चार ग्रॅम फायबर मिळतं, त्यातलं ग्रॅमभर विद्राव्य. तेलाचा ओमेगा-३ वरून मिळतो. चटणी एकदम किलोभर कुटून ठेवू नका, पंधरा दिवसांत खवट वास येतो.

मेथीदाणा. वजनाच्या जवळपास निम्मं फायबर, आणि त्यातला मोठा भाग गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंक. रात्री चमचाभर भिजवा, सकाळी पाण्यासकट चावून खा. कडू लागतं. उपाय नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, साखर थोडी उतरते.

डाळी आणि कडधान्यं. तूर, चणा, बरबटी, मोठ, पोपटाचे दाणे, वाटाणा. विद्राव्य फायबरचा आपला रोजचा, स्वस्त आणि कंटाळा न येणारा पुरवठा हाच आहे. विरोधाभास असा, की तूर पिकवणाऱ्या घरांतच वरण पातळ होत चाललं आहे. दाळ विकायची आणि वरणात पाणी वाढवायचं. वरण घट्ट करा, हा माझा एकच सल्ला मानला तरी चालेल. लाखोळी अधूनमधून ठीक आहे, पण रोजचं मुख्य अन्न म्हणून नको. पायांच्या लकव्याची तिची कथा जुन्या माणसांना ठाऊक आहे.

भेंडी. चिकट असते म्हणून पोरं नाक मुरडतात. तोच चिकटपणा हवा आहे. तार पूर्ण जाईपर्यंत तेलात परतून कुरकुरीत करू नका.

पेरू, कवठ, आवळा, संत्रं. यांत पेक्टिन, म्हणजे फळातलं चिकट विद्राव्य फायबर. ओळखायची सोपी खूण अशी, की ज्या फळाची जेली बाहेरून काही न घालता बसते त्यात पेक्टिन भरपूर. कवठ आणि पेरू त्यातले.

संत्र्याचा रस चालते का?

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातला पाहुणा हा प्रश्न हमखास विचारतो. रस काढला की पेक्टिन गाळणीतच राहतं. ते असतं फोडीच्या पापुद्र्यात आणि त्यावरच्या पांढऱ्या धाग्यांत, जे आपण सोलताना मन लावून काढून टाकतो. कारखानेसुद्धा पेक्टिन काढतात ते लिंबू-संत्र्याच्या सालींतूनच. तेव्हा फोड पापुद्र्यासकट खा. आंबिया बहार असो की मृग, नियम एकच. साल मात्र खायची नाही, तिच्यावर फवारणी किती झालेली असते हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत.

ओट्स आणू का तालुक्याहून?

आवडत असतील, परवडत असतील तर आणा. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी साठ-सत्तर ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, म्हणजे मोठी वाटीभर, रोज. चार दिवस खाऊन पाकीट फळीवर ठेवायचं असेल तर नको. तेच बीटा-ग्लुकन जवातही असतं. जव आणि जवस यांत गोंधळ करू नका. एका काकांनी दुकानदाराकडून जवाऐवजी जवस आणलं आणि त्याची लापशी शिजवायला घेतली. पातेलं घासायला काकूंना दोन दिवस लागले.

इसबगोल कसं घेऊ?

आपल्याकडे ते बद्धकोष्ठाचं औषध म्हणूनच ओळखतात. पिकतं गुजरात-राजस्थानकडे, भुसी मिळते कुठल्याही मेडिकलमध्ये. मोठा चमचाभर भुसी साधारण पाच ग्रॅम भरते. एलडीएलसाठी रोज दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या आसपास विभागून. जेवणाच्या आसपास अशासाठी, की पित्त तेव्हाच उतरतं. झोपताना एकदम घेतलं तर पोट साफ होईल, पण बारदाना अडवायला फायबर उशिरा पोचेल.

पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी घ्या. कोरडी भुसी तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकते. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं अरुंद झाल्याचं कधी निदान झालं असेल तर घेऊच नका. थायरॉइडची, शुगरची किंवा कुठलीही गोळी असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लापशीत पित्ताबरोबर गोळीही अडकते.

तर्रीवर हे सगळं चालन का?

चवीपुरती तर्री चालते. वाटीभर लाल तेल तरंगत असेल आणि ते परत परत तापवलेलं असेल, तर एका बाजूनं तुम्ही जवस खाता आणि दुसऱ्या बाजूनं धुऊन काढता. डालडा, तळणाचं जुनं तेल, मलईचे पदार्थ यांतली संपृक्त आणि ट्रान्स चरबी लिव्हरच्या त्याच हातांची संख्या कमी करते जे फायबर वाढवू पाहतं. देशात ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती पाकिटातल्या मालावर मोजली जाते. नाक्यावरच्या कढईत कोण मोजणार?

सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी सांगितली. तेच कोलेस्टेरॉल का?

नाही. फॅटी लिव्हरमधली चरबी मुख्यतः ट्रायग्लिसराइडची असते. तिचं नातं पोटाचा घेर, साखर, दारू आणि बसून राहण्याशी जास्त. जवसानं ती वितळत नाही. वजन उतरलं तर उतरते.

आकडा उतरला तं गोळी बंद करू?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल, शुगर असेल, तर आकडा गोळीमुळे खाली आहे, गोळी सोडली की परत चढतो. फायबर सोबतीला आहे, बदली नाही. गावातल्या एकानं ‘आता नैसर्गिकच’ म्हणून गोळी सोडली आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आला. एलडीएल जुन्या जागी परत. त्याला जवसाचा राग आला होता. जवसाचा काय दोष?

आमच्या घरी बाप, काका दोघंही चाळिशीतच गेले. मले काय खाऊन पुरन?

खाऊन पुरणार नाही. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात तरुणपणीच हृदयविकार असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. दर अडीचशे माणसांत साधारण एकाला तो असतो. त्यात दारावरचे हातच कमी असतात, ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी पाहिलेली गोष्ट तीच. फायबरनं साठा कितीही उतरवला तरी हातच नसतील तर रक्तातून ओढणार कोण? गोळी लवकर सुरू करा, आणि सख्ख्या भावंडांचं व मुलांचं रक्तही तपासून घ्या. हा एक प्रश्न मी छपरीत चारचौघांत बोलत नाही, माणसाला बाजूला घेऊन सांगते.

जवस, मेथी, चणे एकदम सुरू केलं तं पोट ढमढम झालं.

होणारच. जंतूंना सणासुदीचं जेवण मिळालं. एका वेळी एकच वस्तू, अर्धा चमचा, आणि तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ण मात्रेवर या. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेका. उन्हाळ्यात वावरात जाणाऱ्यांनी पाणी पोटभर प्यायल्याशिवाय हे वाढवू नये, नाहीतर बद्धकोष्ठ घालवायच्या नादात तेच ओढवून घ्याल.

परत तपासणी कधी करू?

असर तीन-चार आठवड्यांत सुरू होतो आणि खाणं थांबवलं की तितक्याच लवकर जातो. दोन-तीन महिने नेटानं करा, मग त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, रात्रभर उपाशी राहून रक्त द्या. ताप-सर्दी असेल तर पुढे ढकला, आजारपणात एलडीएल उगाच खाली दिसतं. एकाच माणसाचा आकडा काही न करताही दोन तपासण्यांत पाच-दहा टक्के हलतो, त्यामुळे आठानं वाढला म्हणून रडू नका आणि आठानं उतरला म्हणून पेढे वाटू नका.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. १९७२ पासूनचं हे सूत्र, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की निकामी. आणि जेवणानंतर ट्रायग्लिसराइड चढतंच. शिबिराच्या आदल्या रात्री गावात लग्नाची पंगत होती, मसालेभात, वांग्याची भाजी, वर बुंदी. पहाटे चारला जेवण उरकून सात वाजता हात पुढे करणारे आमच्याकडे निदान सहा जण निघाले. त्यांना मी कागद परत देते आणि सांगते, हा रिपोर्ट पंगतीचा आहे, तुमचा पुन्हा काढून आणा.